भिडेवाडा पाडला, आता तिथे नेमकं काय उभं राहिलं पाहिजे?

पुण्यातल्या भिडेवाड्यावरून, म्हणजे 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी जिथे मुलींची शाळा काढली आणि जिला सगळे देशातली पहिली म्हणतात त्या जागेवरून, परवा कट्ट्यावर जोरदार वाजलं. लिहून ठेवतोय कारण त्यात जे मुद्दे निघाले ते 3 जानेवारीच्या, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या भाषणांमध्ये सहसा ऐकायला मिळत नाहीत. माणसं नेहमीचीच, म्हणजे आमचे वकील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर, सगळ्यात लहान असलेला इंजिनिअर, अण्णा, आणि अंगणवाडीत काम करणाऱ्या ताई, ज्या घरी जाता जाता दहा मिनिटं म्हणून थांबतात आणि त्या दिवशी चांगल्या तासभर थांबल्या.

काडी टाकली इंजिनिअरने. म्हणाला, मला एक सांगा, मूळ वाडा तर भुईसपाट केला ना, मग आता तिथे जे काय बांधतील ती नवीन आरसीसी बिल्डिंगच असणार, तिला ऐतिहासिक कसं म्हणायचं, जपायचं होतं तर तेच जोतं, त्याच तुळया, त्याच भिंती जपायच्या होत्या.

वकील तडकलेच. अरे तू तो वाडा शेवटी कधी नीट बघितलास? खाली दुकानं, वरचा भाग पडायला आलेला, पावसाळ्यात कधी काय खाली येईल सांगता येत नव्हतं. महापालिकेने स्मारकासाठी जागा घ्यायचं ठरवलं, तिथले भाडेकरू कोर्टात गेले, आणि दहा वर्षांपेक्षा जास्त काळ ते प्रकरण नुसतं चालूच राहिलं. शेवटी ऑक्टोबर 2023 मध्ये हायकोर्टाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला, नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने भाडेकरूंची याचिका फेटाळली, जागा सोडायला महिनाभर मुदत दिली, आणि 4 डिसेंबरच्या रात्री पोलिस बंदोबस्तात ताबा घेऊन उरलेलं बांधकाम पाडलं. त्यानंतर सप्टेंबर 2024 मध्ये स्मारकाचं भूमिपूजन झालं, पंतप्रधानांच्या हस्ते, ऑनलाइन. वकिलांचं म्हणणं असं की वाडा डिसेंबरच्या त्या एका रात्रीत गेला असं कोणी समजू नये, तो वर्षानुवर्षं आपल्या सगळ्यांच्या डोळ्यादेखत हळूहळू जात होता आणि तेव्हा कोणी जुन्या तुळयांसाठी रडलं नाही.

हे मला फार लागलं, कारण खरंच आहे. दगडूशेठच्या बरोबर समोरची जागा, बुधवार पेठेत, रोज हजारो माणसं तिथे हात जोडून उभी राहतात आणि त्या सगळ्यांची पाठ भिडेवाड्याकडे असते. भक्ती करू नये असं मी म्हणत नाहीये, मी पण करतो. पण ज्या जागी मुलींच्या हातात पाटी दिली गेली त्या जागेकडे एकदा मान वळवून बघावं, सोबतच्या पोरीला दाखवावं की बाळा, इथे, एवढं तरी आपल्याकडून व्हायला हवं होतं.

अण्णा म्हणाले, पण वकीलसाहेब, तो म्हणतोय त्यातला अर्धा मुद्दा बरोबर आहे, गेलेली वास्तू परत येत नाही, आणि पहिली ती पहिलीच, म्हणून मला वाटतं तिथे जुन्या वाड्यासारखाच वाडा बांधावा, तसाच दरवाजा, तशीच ओसरी, आत गेलं की 1848 सालात गेल्यासारखं वाटलं पाहिजे.

इथे मास्तर बोलायला लागले. मास्तर एरवी कमी बोलतात पण फुल्यांचा विषय निघाला की त्यांना थांबवणं कठीण आहे.

ते म्हणाले, अण्णा, तात्यासाहेब भिड्यांनी जागा दिली हे मोठंच काम होतं, त्या काळात असल्या कामाला जागा द्यायची म्हणजे गावाचा रोष ओढवून घेणं. पण ती शाळा त्या वाड्यात किती दिवस चालली? काही महिने. लोकांचा विरोध, पैशाची ओढ, आणि पुढे 1849 मध्ये जोतीरावांच्या वडिलांवर एवढा दबाव आला की गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. दोघं गंज पेठेत आपल्या मित्राकडे, उस्मान शेखांकडे राहायला गेले. म्हणजे शाळा बंद, घर गेलं, आणि बाई तेव्हा अठरा वर्षांची. बरं, यानंतर काय केलं? परत शाळा काढली. 3 जुलै 1851 ला चिपळूणकरांच्या वाड्यात, 17 सप्टेंबरला रास्ता पेठेत, मार्च 1852 मध्ये वेताळ पेठेत. जागा मिळेल तिथे. आणि 1853 च्या फेब्रुवारीत तीन शाळांच्या मुलींची जाहीर परीक्षा घेतली तेव्हा 237 मुली बसल्या होत्या आणि बघायला पुण्यातली तीनेक हजार माणसं लोटली होती. आता मला सांगा, ह्यात वास्तू कुठे आहे? ह्यात आहे ती बाई, रोज वेळेवर हजर होणारी, शिकवणारी. तुम्ही दरवाजा आणि ओसरी बांधाल, पण तिथे शिकवणं दिसणार कसं?

मला हा मुद्दा एकदम पटला. आपण भिडेवाडा म्हणतो तेव्हा डोळ्यापुढे वाडा येतो, खरं तर यायला पाहिजे वर्ग.

इंजिनिअर मागे हटणारा नाही. त्याने मोबाईल काढला आणि म्हणाला, पहिली पहिली म्हणताय तर तेही तपासून घ्या, बंगालमध्ये बारासातला 1847 मध्येच प्यारीचरण सरकार आणि त्यांच्या मित्रांनी मुलींची शाळा काढली होती, म्हणजे भिडेवाड्याच्या आधी, आणि मिशनऱ्यांनी तर मुंबईत 1824 च्या सुमारास मुलींना शिकवायला सुरुवात केली होती.

कट्ट्यावर जरा शांतता झाली आणि मग अण्णांचा आवाज चढला, आपल्याच माणसांना लहान करायची तुम्हा पोरांना हौस आहे वगैरे. इंजिनिअर म्हणाला, मी लहान करत नाहीये, उलट उद्या स्मारकाच्या पाटीवर चुकीचं लिहिलं आणि कोणी बोट ठेवलं तर ते वाईट दिसेल म्हणून आत्ताच बोलतोय. त्यात तारखेचाही घोळ आहे, 1 जानेवारी 1848 सगळीकडे छापतात आणि काही अभ्यासक ऑगस्ट म्हणतात.

माझं मत सांगतो. वर्ष 1848, ह्याबद्दल वाद नाही, तेवढं पुरे आहे. आणि पोराचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे, कारण बारासातची गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केल्याने सावित्रीबाईंचं काही कमी होत नाही. मिशनरी शाळा होत्याच, किंबहुना जोतीराव नगरला जाऊन मिस फॅरारबाईंच्या शाळा बघून आले होते आणि तिथूनच डोक्यात बसलं की हे आपण आपल्या पुण्यात केलं पाहिजे. फॅरारबाई 1827 मध्ये अमेरिकेहून आल्या आणि त्यांची हयात मुलींना शिकवण्यातच गेली, त्यांचं नाव त्या स्मारकात आदराने यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कलकत्त्याची बेथून यांची 1849 ची शाळा घ्या, ती प्रतिष्ठित हिंदू घरातल्या मुलींसाठी होती. पुण्यात जे झालं ते वेगळं होतं. माळी समाजातली, लग्न झालं तेव्हा अक्षरओळख नसलेली एक बाई स्वतः शिकते, मास्तरीण होऊन वर्गात उभी राहते, आणि थोड्याच वर्षांत त्याच जोडप्याच्या शाळांमध्ये महारामांगांच्या मुली शिकायला लागतात. पेशवाई बुडून तेव्हा तीसच वर्षं झाली होती, आणि शहर कुठलं तर पुणं. पाटीवर पहिली लिहा की न लिहा, ह्याला तोड नाही.

मास्तर म्हणाले, झालं, आता खऱ्या मुद्द्यावर आलात. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो. लोक सावित्रीबाईंना देवी करतात, मास्तरीण म्हणून कोणी बघत नाही. बाई ट्रेनिंग घेतलेल्या होत्या. आधी घरी जोतीरावांनी शिकवलं, पुढे सखाराम परांजपे, केशव भवाळकर ह्या मित्रांनी शिकवलं, मग नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे घेतले. नॉर्मल स्कूल म्हणजे आपल्या भाषेत डीएड कॉलेज. म्हणजे पुण्यात तेव्हा पंतोजी पोरांना छडी मारून पाढे घोकून घेत होते त्या काळात ही बाई वर्ग कसा चालवायचा हे शिकून आली होती. शाळेला कमिटी होती, वार्षिक रिपोर्ट निघायचे, हिशेब ठेवले जायचे, जाहीर परीक्षा व्हायच्या, आणि त्यातल्या एका रिपोर्टात स्पष्ट नोंद आहे की मुलींच्या शाळेची शिक्षिका पगार न घेता काम करते. मी छत्तीस वर्षं नोकरी केली, पगार घेऊन केली, एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एका खोलीत बसवून शिकवल्यात. मला विचारा की रोज सकाळी उठून त्याच उत्साहाने फळ्यासमोर उभं राहणं काय असतं. एक दिवस अपमान सहन करणं वेगळं आणि वर्षानुवर्षं शिकवत राहणं वेगळं. पण आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये सुद्धा दरवर्षी काय दाखवायचे, तर शेण. एक पोरगी नऊवारी नेसून चालतीये आणि चार पोरं तिच्यावर शेणाचे गोळे मारतायत, टाळ्या, पडदा. तिने वर्गात जाऊन काय शिकवलं ते दाखवणारं नाटक मी आजवर बघितलं नाही.

ह्यावर ताई बोलल्या, आणि इतका वेळ त्या गप्प होत्या म्हणून सगळे वळून बघायला लागले.

ताई म्हणाल्या, मास्तर तुमचं बरोबर आहे पण शेण काढून टाकू नका हो. तुम्हाला ते नाटक वाटतं कारण तुम्हाला कधी रस्त्यावरून जाताना कोणी काही बोललं नाही. सावित्रीबाई पिशवीत दुसरं लुगडं घेऊन निघायच्या, शाळेत पोचल्या की बदलायच्या, आणि म्हणायच्या की मी माझं काम करतीये, देव तुम्हाला क्षमा करो. माझ्या वस्तीतल्या पोरींची शाळा आजही रस्त्यापायीच सुटते. शाळा चांगली असते, बाई चांगल्या असतात, वह्या-पुस्तकं फुकट मिळतात, पण वाटेत कोपऱ्यावर चार टवाळ उभे असतात आणि पोरगी सातवी-आठवीत गेली की घरचे म्हणतात बस झालं, उगाच काहीतरी व्हायला नको. त्यामुळे मला विचाराल तर दुसरं लुगडं हा पण शिकवण्याचाच भाग आहे. मुली बघत होत्या ना, की आपल्या बाईंवर घाण टाकली तरी बाई आल्याच. ते बघून त्यांनी जे शिकलं असेल ते कुठल्या पुस्तकात असतं?

मास्तर काही बोलले नाहीत, मान डोलावली फक्त. मला वाटतं दोघांचंही खरं आहे आणि दोन्ही जोडून सांगितलं तरच ती बाई पूर्ण दिसते. रस्ता आणि वर्ग. आपण फक्त रस्ता सांगत आलो.

मग गाडी सावित्रीबाईंबरोबर शाळेत शिकवणाऱ्या फातिमा शेखांवर गेली. मध्यंतरी सोशल मीडियावर उठवलं होतं की फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही, ती बनावट आहे, आणि इंजिनिअरने ते वाचलं होतं. वकील म्हणाले, कागद बघ. सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 ला नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र आहे, त्या आजारी पडून माहेरी गेल्या होत्या, त्यात त्यांना काळजी वाटतीये की आपण नसल्याने फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. शाळेत दोघी काम करत असतील आणि एकीने सुट्टी घेतली की दुसरीवर सगळा भार येतो, ते ज्याने नोकरी केलीये त्याला लगेच कळतं. तिच्याबद्दल माहिती कमी आहे हे खरं, म्हणून ती नव्हतीच असं होत नाही. अशा किती बायकांबद्दल आपल्याकडे एकाच ओळीची नोंद आहे, एक ओळ मिळाली हेच नशीब.

त्याच पत्रात अजून एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. माहेरी भाऊ त्यांना सुनावतो की तुम्ही नवराबायको बहिष्कृत आहात, महारामांगांसाठी जे करता ते आपल्या कुळाला शोभत नाही. आणि ही आजारी बाई अंथरुणावरून भावाशी वाद घालते, त्याला समजावते, आणि ते सगळं नवऱ्याला पत्रात लिहून कळवते. वाचताना वाटतं की ही बाई कोणाच्या मागे मागे जाणारी नव्हती. 1868 च्या पत्रात तर गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी, ह्या दोघांना गाव मारायला निघालेलं असताना त्या मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला आणि दोघांचा जीव वाचवला असं आहे. स्मारकात जर पत्रं लावली नाहीत तर काय लावणार?

अण्णा म्हणाले, पत्रं लावा, फोटो लावा, पण शिकवणं दिसत नाही म्हणताय तर ते दाखवणार तरी कसं, दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वीचा तास तर कोणी रेकॉर्ड केलेला नाही.

मास्तर म्हणाले, शिक्षक कसा होता हे बघायचं तर विद्यार्थी बघा. मुक्ता बघा.

आणि इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो. मुक्ता साळवे, मांग समाजातली मुलगी, पुण्यात तालीम चालवणाऱ्या लहुजी वस्तादांच्या घरातली, फुल्यांच्या शाळेत तीनेक वर्षं शिकलेली. तिने मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 1855 मध्ये फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकात असा दोन भागात मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय' ह्या नियतकालिकात छापून आला. मास्तरांना त्यातला बराच भाग पाठ आहे. ती विचारते की ब्राह्मण म्हणतात वेद आमचेच, दुसऱ्या कोणी बघायचे नाहीत, मग आम्हाला धर्मपुस्तक नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित आहोत असं उघड दिसतं, तर हे देवा, आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळू दे. ती लिहिते की मोठ्या इमारतींच्या पायात मांगमहारांना तेल शेंदूर पाजून पुरायचे. ती लिहिते की बाजीरावाच्या काळात तालीमखान्यापुढून कोणी मांग महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू आणि त्याच्या डोक्याचा चेंडू करायचे. ती बायकांच्या बाळंतपणाबद्दल लिहिते, डोक्यावर छप्पर नाही, थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायकांना काय सोसावं लागतं ते स्वतःच्या अनुभवावरून बघा असं ती वाचणाऱ्यांना सांगते.

हे एका शाळकरी मुलीने लिहिलंय. मास्तर म्हणाले, मी आयुष्यभर निबंध तपासले, माझा आवडता प्राणी, पावसाळ्यातील एक दिवस, पोरं गाईड बघून उतरवतात, आणि ती पोरांची चूक नाही, आपण तसंच शिकवतो. मुलीला तीन वर्षांत नुसतं लिहायला वाचायला येणं ही एक गोष्ट. पण स्वतःच्या घरचं दुःख हा लिहायचा विषय आहे, आणि ते थेट देवाला आणि भटजीला प्रश्न विचारत लिहायचं, ही हिंमत मुलीला कधी येते? जेव्हा वर्गात तिचं ऐकून घेतलेलं असतं तेव्हा. फळ्यावरचं उतरवून घेणाऱ्या वर्गातून मुक्ता निघत नाही. बस, मला त्या शाळेत शिकवायचे कसे ह्याचा दुसरा पुरावा नको.

मी घरी येऊन तो निबंध पुन्हा पूर्ण वाचला. तुम्ही वाचला नसेल तर आज वाचा, दहा मिनिटांच्या वर लागत नाहीत.

वकिलांनी मग जोतीरावांचं 1882 चं हंटर कमिशनपुढचं, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढचं निवेदन काढलं, कारण शाळा चालवून चालवून त्या दोघांना काय कळलं होतं ते त्यात दिसतं असं त्यांचं म्हणणं. सरकार वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर पैसा घालतं आणि तो शेतकऱ्याच्या साऱ्यातून येतो, तेव्हा आधी प्राथमिक शिक्षण द्या, निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. शिक्षक शेतकरी वर्गातले घ्या, जे वेळ पडली तर नांगर हातात धरतील. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्य शिकवा. आणि मास्तरांचा पगार वाढवा, 12 रुपयांच्या खाली कोणाला ठेवू नका. मास्तर म्हणाले, बघा, स्वतः बायकोने बिनपगारी शिकवलं आणि मागणी केली ती मात्र पगाराची, कारण त्यांना माहीत होतं की त्यागावर एक शाळा चालते, हजार शाळा चालत नाहीत. ताई लगेच म्हणाल्या, हे आमच्या मानधनाच्या मोर्चात बोर्डावर लिहून न्यायला पाहिजे.

आता प्रश्न उरला तिथे करायचं काय. मास्तरांचं म्हणणं एकच, तिथे रोज वर्ग भरला पाहिजे. म्युझियम नको, म्हणजे असू दे पण ते मागे, पुढे वर्ग. मुलींचा. खरा, हजेरीपट असलेला. इंजिनिअर म्हणाला जागा छोटी आहे, चारही बाजूंनी गर्दी, पार्किंग नाही, शाळेच्या मान्यतेला मैदान लागतं, फायर एक्झिट लागतात, नियमात बसणार नाही. वकील म्हणाले जागा स्मारकासाठी संपादित झालीये, पूर्ण शाळा काढायची तर कागदावर अडचण येऊ शकते, पण अभ्यासवर्ग, वाचनालय, असं काही स्मारकाचा भाग म्हणून बसवता येईल.

ताईंनी जे सुचवलं ते मला सगळ्यात पटलं. त्या म्हणाल्या, दिवसा शाळा नको, संध्याकाळी वर्ग घ्या. पेठांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या, दुकानात कामाला असणाऱ्या बायका आहेत, दहावी सुटलेल्या पोरी आहेत, त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायचं असतं पण शिकवायला कोणी नाही. फुल्यांनी 1855 मध्ये कामगार आणि शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढलीच होती की, आपल्या घरात. मग हे त्यांचंच काम पुढे नेणं झालं, नियमाला मैदान पण लागणार नाही.

अण्णांना हे काही पटेना. ते म्हणाले, अशा जागेला एक पावित्र्य असतं, तिथे माणसाने शांतपणे यावं, नमस्कार करावा, क्लासची गडबड कशाला. त्यावर मास्तर जरा चिडून म्हणाले की अण्णा, ती शाळा होती, तिथे पहिल्या दिवसापासून गडबडच होती, पाढे म्हणायचा आवाज ह्यापेक्षा पवित्र काय असतं मला सांगा. अण्णा म्हणाले तुम्ही मास्तर आहात म्हणून तुम्हाला असं वाटतं. ह्यावर दोघं बराच वेळ ताणत बसले, आणि मी खरं सांगतो, मला अण्णांची बाजू पूर्ण चुकीची वाटत नाही. ज्यांच्या आज्या-पणज्या अंगठा उठवत गेल्या त्यांच्या लेकीबाळी तिथे येऊन डोकं टेकवतील, नायगावहून येतील, लातूर-नांदेडहून बस करून येतील, त्यांना तिथे थांबायला, डोळे पुसायला जागा पाहिजेच. फक्त तेवढंच असू नये. नमस्कार करून बाहेर पडणाऱ्या माणसाला आतून शिकवण्याचा आवाज ऐकू आला पाहिजे.

शेवटी ठरलं असं की महापालिकेला सूचनांचं पत्र द्यायचं. वकील मसुदा करतायत. संध्याकाळचा वर्ग ही पहिली मागणी, त्यात शिकवणाऱ्यांना रीतसर मानधन ही दुसरी, आणि ती ताईंनी आग्रहाने घालायला लावली. पाटीवर फॅरारबाई, फातिमा शेख, जोतीरावांना लहानपणी सांभाळणाऱ्या सगुणाबाई आणि जागा देणारे भिडे ही नावं सावित्रीबाई-जोतीरावांसोबत यावीत ही तिसरी. मुक्ताच्या निबंधाचा उतारा भिंतीवर कोरावा असं इंजिनिअरने सुचवलं तेव्हा अण्णा इतक्या वेळात पहिल्यांदा मास्तरांच्या बाजूने बोलले. म्हणाले उतारा नाही, पूर्ण निबंध, एकही ओळ न गाळता, बाजीरावाची ओळ सुद्धा, नाहीतर मी सही करणार नाही. वर्गाबद्दलचं त्यांचं मत अजून बदललेलं नाही, पण ह्या अटीवर त्यांनी सही केली आहे.